औंदा पाणी खालून

माईक बंद पडला म्हणून मला स्टेजवर बोलावलं.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. गावच्या तळ्याच्या पाण्याची पाळी मोबाईलवर दाखवणारं ॲप निघालं होतं आणि ते बनवणाऱ्याचा सत्कार होता. ॲप मी बनवलं होतं. शाल पांघरून खुर्चीवर बसला होता मालकाचा पोरगा.

मालक म्हणजे आमच्या गावच्या जुन्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा, वंशज. मालगुजारी जाऊन दोन पिढ्या झाल्या, 'मालक' हा शब्द काही गेला नाही. त्याचा पोरगा पुण्यात कंपनीत आहे. त्याला गाव छोटे मालक म्हणतं. तो बोलायला उठला आणि माईक घूं घूं करत मेला. मालकानं पुढच्या रांगेतून हात उचलला.

“तो ढिवराचा पोट्टा कोठी गेला? वायरीचं त्यालेच समजते.”

मी गेलो. सव्वीस वर्षांचा माणूस, बी.ए. झालेला, मोहाडीला तहसीलसमोर ऑनलाइन सेंटरवर लोकांचे अर्ज भरून देणारा. गुडघ्यावर बसून वायर लावली. छोटे मालकानं माईकवर फुंकर मारली आणि माझ्या डोक्यावरून गर्दीकडे पाहत म्हणाला, “या भावाने टेस्टिंगला मदत केली बरं का. त्याच्यासाठीही टाळ्या.”

टेस्टिंग.

“झालं ना? उतर आता,” मालक म्हणाला.

मी उतरलो. आणि त्यानंतर जे केलं ते सांगताना आजही माझी कानशिलं तापतात. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांबरोबर, दोन्ही हातांनी. माझा बाप मागे मांडवाच्या बांबूला टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यानंही वाजवल्या. त्याला वाटलं, सत्काराची रीत अशीच असेल.

बाप गावचा पाणकर. आम्ही ढिवर, तळ्यात मासे धरणारे, आणि पाणी सोडायचं काम आजोबापासून आमच्या घरात. तळ्याच्या पाळीत, म्हणजे काठाच्या मातीच्या बांधात, पाणी सोडायचं दगडी भोक असतं, त्याला तुडूम म्हणतात. बाप छातीभर पाण्यात उतरतो, तुडमाचं लाकडी बूच काढतो आणि पाणी पाटानं धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, जातं. कोणाच्या बांधीत आधी, कोणाच्या नंतर, हे पाणकर सांगतो. लिहिलेलं कुठं काही नाही. बापाला अक्षर येत नाही, पण अठ्ठावन्न घरांची पाळी त्याला तोंडपाठ.

पाळीचा नियम साधा. एक साल पाणी वरून, म्हणजे तुडमाजवळच्या बांध्यांना आधी. दुसऱ्या साली खालून, म्हणजे शेवटच्या बांध्यांना आधी. शेवटी शेवटी पाणी अपुरं पडतं. दरवर्षी त्याच माणसाच्या वाट्याला कोरडं येऊ नये म्हणून जुन्या लोकांनी हे ठरवलं. मालकाच्या बांध्या तुडमाच्या पायथ्याशी. त्यामुळे तो एक साल पहिला, एक साल शेवटचा. नियम त्यालाही लागू. आणि बापानं पाळी सांगितली की गावात कोणी 'कशावरून' असं विचारलं नव्हतं, मालकानंसुद्धा नाही. बाकी सगळीकडे आम्ही खाली बसणारे. तुडमावर मात्र बापाचा शब्द शेवटचा.

तो शब्द त्याच्याबरोबर जाऊ नये, एवढ्यासाठी मी ॲप बनवायला घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेज नाही, क्लास नाही. आंधळगावच्या एका मास्तरांनी टाकून दिलेला लॅपटॉप होता, त्याचं एक बटण काडीनं दाबावं लागायचं. व्हिडिओ पाहायचो, चुकायचो, परत पाहायचो. एकदा अडलो तेव्हा मोठमोठ्या शहरातल्या डेव्हलपरांच्या ग्रुपवर प्रश्न टाकला. माझ्या इंग्रजीत. उत्तर कोणी दिलं नाही, माझ्या प्रश्नाचं स्टिकर बनवलं. चार महिने ते स्टिकर ग्रुपमध्ये फिरत होतं. कोणी काही चुकीचं विचारलं की त्याच्या तोंडावर मारायचे. मीही एकदा हसणारा इमोजी टाकला. आपल्यावर हसणाऱ्यांत आपणही हसलं की कमी दुखतं, असं मला वाटायचं. नाही दुखत कमी.

रोज सेंटरवरून आलो की बापासमोर बसायचो. “कोणाच्या बांधीनंतर कोण?” तो सांगायचा, मी टाकायचो. उलटसुलट सालाचा नियम कोडमध्ये बसला त्या दिवशी बापाच्या हातात मोबाईल दिला आणि पुढचं साल दाबायला लावलं. सगळी यादी पालथी झाली, मी ती वाचून दाखवली. बाप हसला. म्हणाला, “माहं डोस्कं यात टाकलंस का रे बाबू?”

मग माशी शिंकली. ॲप स्टोअरवर टाकायला कार्ड लागतं, ते आमच्याकडे नव्हतं. दिवाळीला छोटे मालक गावी आला होता. मी त्याच्या अंगणात चप्पल काढून उभा राहिलो.

“वा रे! मस्त बनवलंस,” तो म्हणाला. “माझ्या अकाउंटवरून टाकतो ना. नाव तुझंच देऊ.”

मी सगळं कोड त्याला पाठवून दिलं. कोणी खुर्ची दिली नव्हती तरी वाटलं, हा वेगळा आहे. शिकलेला आहे.

ॲप आलं. खाली बनवणाऱ्याचं नाव त्याचं. मी मेसेज केला. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. आठ दिवसांनी फोन लागला तर म्हणाला, “अरे, अकाउंट ज्याचं त्याचं नाव येतं. टेक्निकल आहे. पुढच्या दिवाळीत बघू.” तेवढ्यात त्यानं पोस्ट टाकली, तळ्याच्या पाळीवर हात बांधून उभा असलेला फोटो, आणि खाली मातीचं ऋण वगैरे. शेकडो लोकांनी शाबासकी दिली. आयत्या बिळावर नागोबा बसला आणि लोक त्याला दूध पाजत होते. मीही लाईक दिला. त्यानं नाराज होऊ नये म्हणून. पुढच्या दिवाळीत नाव टाकणार होता ना!

सत्कारानंतर आठवडाभरानं, सेंटरवर एका म्हातारीचा अर्ज भरत होतो, तेव्हा मोबाईल वाजला. ॲपचं अपडेट. मी माझ्या फोनवर ते घेतलं नाही, सेंटरच्या फोनवर उघडून पाहिलं. यंदा पाळी खालून होती. यादी वरून दाखवत होती. पहिलं नाव मालकाचं. पुढचं साल दाबलं, तरी पहिलं नाव मालकाचं. त्याच्या पुढचं, त्याच्याही पुढचं. मालक कायमचा पहिला.

तळं औंदा अर्धंच होतं. धान गर्भावर आला होता. हे एक पाणी चुकलं की लोंबी पोचट.

मी फोन केला.

“अरे हो, तो बग होता,” छोटे मालक म्हणाला. “दरवर्षी ऑर्डर बदलली की युजर कन्फ्यूज होतो. लॉजिक सिंपल केलं.”

“बग नाही दादा, नियम हाय तो.”

“नियम वगैरे ठीक आहे रे. तू टेन्शन घेऊ नको.”

टेन्शन मी घेतलं, तोंड मात्र उघडलं नाही. तीन दिवस. जेवताना उठायचो, बसायचो, मोबाईल पाहायचो, ठेवायचो. बापासमोर बसलो तरी नजर दुसरीकडे. गावाला सांगायचं तर भांडण होणार, आणि भांडण झालं की माझं नाव कायमचं गेलं. अठ्ठावन्न घरांचं पाणी एका बाजूला आणि माझं नाव दुसऱ्या बाजूला, आणि मी तीन दिवस विचार करत होतो. ही लाज मालकानं दिलेली नाही. माझी मी कमावलेली आहे.

पाणी सोडायच्या सकाळी बापानं मला पारबता काकूंना बोलवायला पाठवलं. विधवा बाई, बांधी पार शेवटची. औंदा पहिली पाळी तिची.

“काकू, चला. पाळी तुमची.”

ती भांडी घासत होती. उठलीच नाही. “माही कोठची? मोबाईलमंदी तं माहा नंबर शेवटी हाय. पोरीनं दाखवला.”

“बाबा म्हणते तुमची हाय.”

“ॲप तूच बनवला म्हनतेत लोक. मंग खोटा कसा राहीन? तुहा बापच चुकला असन रे. म्हातारा झाला तो आता.”

मी तिथंच उभा राहिलो. ज्या बाईसाठी बाप चाळीस वर्षं नियम सांभाळत होता तिनंच बापाला खोटं ठरवलं होतं, आणि तेही माझ्यावरच्या विश्वासानं. मी बापाचं डोकं मोबाईलमध्ये टाकलं आणि मोबाईल दुसऱ्याच्या हातात दिला. आता बापाकडे डोकंही उरलं नव्हतं.

“काकू, तुम्ही चला तं खरं,” एवढंच म्हणालो. ती हात पुसत निघाली.

तळ्याच्या पाळीवर तीस-चाळीस माणसं होती. बाप आधीच छातीभर पाण्यात, तुडमाजवळ. मालक वर उभा, हातात मोबाईल.

“पानकर, पहिला नंबर माहा हाय. बूच काढ अना माह्या बांधीत सोड.”

“औंदा पानी खालून हाय मालक,” बाप म्हणाला.

“मोबाईल का म्हनते पाय ना! तुह्याच पोट्ट्यानं बनवला ना हा? का आता पोट्टाई खोटा?”

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, “इसरला म्हातारा.”

सत्काराच्या दिवशी ॲप त्याच्या पोराचं होतं. आज बापाला खोटं पाडायचं होतं तर ते माझं झालं.

बाप पाण्यात उभा राहून वर पाहत होता. कधी कोणी त्याला विचारलं नव्हतं, त्यानं कधी कोणाला विचारलं नव्हतं. त्यानं मला विचारलं.

“बाबू, तू सांग. औंदा वरून का खालून?”

त्याला माहीत होतं. चाळीस वर्षं माहीत होतं. पण तो माझ्या तोंडाकडे पाहत होता आणि त्याच्या डोळ्यात मला पहिल्यांदा शंका दिसली. स्वतःबद्दलची. त्या शंकेनं माझी भीती जाळून टाकली.

“खालून,” मी म्हणालो. आवाज फाटला, म्हणून परत म्हणालो, “खालून! ॲप मी बनवला. मी टेस्टिंगले नवतो. अना यातली पाळी छोटे मालकानं बदलवली. बाबा खरं सांगते, ॲप खोटा सांगते.”

“तुले कोनं इचारलं बे?” मालक ओरडला.

“बाबानं इचारलं.”

माझ्या फोनवर जुनंच ॲप होतं. मी यादी मोठ्यानं वाचायला लागलो. पहिलं नाव पारबता काकूंचं. दहा नावं झाली, वीस झाली. मालकाचा माणूस फोन हिसकायला पुढं आला तेव्हा काकू मध्ये उभ्या राहिल्या.

“थांब बे! मांगच्या साली पानी वरून होतं. माही बांधी सुकली होती, ध्यानात हाय मले. म्हनजे औंदा खालूनच. कोनाले मोबाईल कायले पाह्यजे त्याच्यासाठी?”

“हो, खरं हाय,” खालच्या बांध्यांचा एक जण म्हणाला. मग दुसरा. ज्यांची बांधी कधी ना कधी सुकली होती त्यांना साल आठवायला वेळ लागला नाही. मी वाचत राहिलो. अठ्ठावन्नावं नाव मालकाचं. तेही वाचलं, पूर्ण नावानं, आडनावासकट.

बाप पाण्याखाली गेला आणि बूच घेऊन वर आला.

पाणी खालून गेलं. शेवटी तळं आटलं तेव्हा मालकाच्या दोन बांध्या कोरड्या राहिल्या. त्याचा बाकीचा धान पिकला, तो उपाशी राहिला नाही. पण पुढच्याच ग्रामसभेत बापाचं पाणकरपण काढून घेतलं. 'वय झालं' असं लिहिलं. हात वर करणाऱ्यांत त्या दिवशी पाणी मिळालेलेही होते. पारबता काकूंनी हात वर केला नाही, एवढं सांगतो. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला काढलं. सेंटरवाले म्हणाले, काही दिवस येऊ नको, वरून फोन आला होता.

कोणीतरी तळ्यावरचा व्हिडिओ गाणं लावून टाकला. हजारो लोकांनी आगीचे इमोजी टाकले. 'भाऊ वाघ आहे'. त्यातला एकही सभेत नव्हता. त्याच्याच खाली दुसरे लिहीत होते, 'मासे पकड, कोडिंग तुझं काम नाही'. मी आधी रडलो, मग चिडलो, मग त्या कमेंटचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवला. मासे मी पकडतोच. रोज पकडतो. ते काम येतं म्हणून दुसरं येऊ नये, हे कोणत्या पोथीत लिहिलंय?

बाप आता तळ्यावर जात नाही. अंगणात जाळं विणतो. मी त्याला म्हणालो, मी तीन दिवस गप्प राहिलो होतो. तो जाळ्यातून नजर न काढता म्हणाला, “माहीत हाय मले.” आणि पुढची गाठ मारली. माफ केलं असंही नाही. मीही मागितलं नाही.

नवं ॲप मी टाकलंय. मासे विकून पैसे साठवले, बँकेतून कार्ड काढलं. कार्ड माझं, अकाउंट माझं. बनवणाऱ्याचं नाव माझं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. पहिल्याच दिवशी एकेक स्टारचा पाऊस पडला. पडू दे. यात पाळी कोणी बदलली तर कोणी, कधी आणि काय बदललं हे त्याच्या नावासकट सगळ्यांच्या मोबाईलवर दिसतं. मी बदलली तरी माझं दिसेल. मला दुसऱ्याच्या आणि स्वतःच्याही चांगुलपणावर सगळं सोडून द्यायची सवय लागली होती, ती मी मोडली.

पुढच्या साली पाणी वरून आहे. म्हणजे पहिली पाळी मालकाची. मी त्याचं नाव पहिलंच लिहिलंय. बापाला काढणाऱ्या माणसाचं नाव पहिलं लिहायचं जिवावर आलं, पण नियम आहे, लिहिलं. त्याच्या पुढच्या साली मालक अठ्ठावन्नावा आहे. तेही लिहिलंय. ते बदलायचं असेल तर त्यानं तळ्याच्या पाळीवर यावं, सगळ्या गावासमोर, स्वतःच्या नावानं बदलावं. मी बदलणार नाही.