आप्पांचं नाक आणि लाल चिंधी

गिअरबॉक्सचं जुनं ऑईल सोडायचा जो बोल्ट असतो ना, त्याच्या टोकाला बऱ्याच गाड्यांत लोहचुंबक असतं. दातांची झिजलेली पूड त्याला चिकटून बसते. आमच्या गॅरेजचे किस्सेही असेच. कुणी मुद्दाम गोळा केले नाहीत, काम करता करता चिकटलेत.

गॅरेज नांदे गावात, रिह्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. मिस्त्री आणि मालक आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील. मी सुमन. पार्ट्सचं काउंटर सांभाळायला म्हणून आले आणि कधी गाडीखाली शिरले, मलाच कळलं नाही. "बाईमाणसाला हे जमतं का?" असं विचारणाऱ्यांच्या गाड्या मी मुद्दाम स्वतः करते!

*

सूसच्या सोसायटीतले देशमाने साहेब पहिल्यांदा आले तेव्हा हातात मोबाईल आणि डोक्यात रिसर्च. आयटीतला माणूस!

"काका, गिअर ऑईल जीएल फोर ग्रेडचं नको, फाइव्ह टाका. फाइव्ह म्हणजे अपग्रेड ना?"

आप्पांनी हात पुसले. "साहेब, चपलेचा नंबर मोठा घेतला म्हणून माणूस मोठा व्हतो व्हय?"

मग आप्पांनी नीट समजावलं. फाइव्ह हे पिकअपच्या मागच्या एक्सलचं ऑईल. तिथं भार जास्त, म्हणून त्यात झीज रोखणारं गंधकाचं औषधही जास्त. साहेबांच्या गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा. गिअर बदलताना रिंगेनं घासून वेग जुळवून घ्यायचा असतो. "ऑईल लई बुळबुळीत झालं की रिंग पकडंल कशी? खर्र करून वरडणार. वर त्यातलं औषध पितळ खातंय, ते येगळंच."

"पण ओळखता कसं? तुमच्या डब्यांवर तर लेबलच नाही!"

खरं होतं. आम्ही ऑईल बॅरलनं घेतो आणि दोन सारख्याच पांढऱ्या डब्यांत काढून ठेवतो. आप्पांनी एकाचं झाकण उघडून साहेबांच्या नाकाखाली धरलं. साहेब दोन पावलं मागं!

"गंधकाचा भपकारा आला? हे एक्सलचं. दुसऱ्याला कमी येतोय, ते गिअरबॉक्सचं. नाक असलं की लेबल कशाला लागतंय?"

*

आणि नाक तरी कसलं! रिह्याला फार्महाऊस असलेले एक गृहस्थ बायकोबरोबर गाडी घेऊन आले. गिअरबॉक्सचं ऑईल सोडलं तर दुधाचा चहा! पाणी शिरलेलं.

"पावसात उभी होती हो नुसती," गृहस्थ म्हणाले.

आप्पांनी बोट बुडवून वास घेतला. "पावसाचं न्हाई. भाताच्या खाचरातलं हाय."

बाई सावकाश नवऱ्याकडे वळल्या. "म्हणजे परवा तू मित्रांना घेऊन शेतात घातलीस गाडी? आणि मला म्हणालास ऑफिसला होतो!"

आप्पा गाडीखाली गेले ते ती दोघं जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

*

आता माझी चूक सांगते, कारण ती सगळ्या गावाला पाठ आहे.

आप्पांचा कायदा एकच. ऑईल बदलताना आधी भरायचा बोल्ट उघडायचा, मग सोडायचा. सोडून बसलात आणि भरायचा बोल्ट उघडलाच नाही, तर गिअरबॉक्स कोरडा. गाडी जागची हलवायची नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी नवरदेवाची गाडी आली. मी घाईत ऑईल आधी सोडलं. भरायच्या बोल्टला पाना लावला, तर पाना फिरला, बोल्ट जागेवरच. पुन्हा लावला. बोल्टाचं डोकंच गोल झालं! बाहेर नवरदेवाचा मामा घड्याळ बघतोय.

आप्पांनी मला बाजूला केलं. छन्नी लावली, हातोडा घेतला. ठक, ठक, ठक. वऱ्हाडाला निघायला दहा मिनिटं उरली तेव्हा बोल्ट हलला. मला वाटलं आता शिव्या पडतील. आप्पा म्हणाले, "नवरी पायी आणायला लावली असतीस की गं!"

तेव्हापासून मी गाडीखाली गेले की आप्पा वरून विचारतात, "आधी?" आणि मी म्हणायचं, "भरायचा!" बाहेर चहा पीत बसणारे पिकअपवालेसुद्धा ऐकून ऐकून हसतात.

*

दोन वर्षांपूर्वी आप्पांना मोठा ताप आला. बरे होऊन कामावर आले. चार दिवसांनी मी टेम्पोच्या पार्टसाठी बाहेर गेले होते. परत आले तर गॅरेजभर करपल्याचा उग्र वास. शेगडीवर चहाचं दूध जळून कोळसा झालेलं आणि हातभर अंतरावर आप्पा पाठमोरे बसून कार्ब्युरेटर पुसतायत!

मला बघून म्हणाले, "चहाचं काय झालं गं?"

एवढा वास त्यांना आलाच नव्हता. मी शेगडी बंद केली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकासमोर डब्याचं झाकण उघडून आप्पांनी नाकाला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "हां, हेच." ते नुसतं नाटक होतं. डबा योगायोगानं बरोबर निघाला!

या माणसाचं सगळं नाव त्या नाकावर. पौडपासून गाड्या यायच्या त्या नाकासाठी. आप्पांना तोंडावर विचारायची माझी छाती झाली नाही. त्या संध्याकाळी मी एक्सलच्या डब्याच्या गळ्याला लाल चिंधी बांधली. लेबल लावलं असतं तर त्यांना लागलं असतं. चिंधीचं काय, गॅरेजमध्ये कुठंही असते.

आप्पांनी चिंधीबद्दल चकार शब्द काढला नाही. पण दोन वर्षांत डबा एकदाही चुकला नाही.

*

मग यंदा देशमाने साहेबांची गाडी आली. सकाळीच आप्पांनी ऑईल बदललं आणि साहेब आईला घेऊन ताम्हिणी घाटातून कोकणात निघाले.

दुपारी मी पिकअपचं एक्सल भरायला घेतलं. एक्सलचा डबा उचलला तर हलका. कालच काठोकाठ भरला होता! दुसरा, गिअरबॉक्सचा डबा उचलला, तो जडच. म्हणजे साहेबांच्या गाडीत एक्सलचं ऑईल गेलं होतं! चिंधी कुठाय? खाली बघितलं, वर बघितलं. आणि मग माझ्याच खिशात सापडली, काळी कुळकुळीत. सकाळी हात बरबटले होते म्हणून मी ती सोडून हात पुसले होते! गॅरेजमध्ये चिंधी म्हणजे हात पुसायलाच, हाताला दुसरं काय ठाऊक?

साहेबांना फोन लावला. रेंज नाही. पुन्हा लावला. घाटात कुठली रेंज! उतारावर दुसरा गिअर पडला नाही तर? आई सोबत आहे. पंधरा-वीसदा लावला असेल. आप्पा समोरून बघत होते.

संध्याकाळी साहेब परत आले, अर्ध्या वाटेतून. चेहरा पांढरा. "उतारावर गिअर पडेना. नुसतं खर्र, खर्र. हॅण्डब्रेक ओढून थांबवली. आई अजून थरथरतीये."

मी लगेच ऑईल बदलून दिलं आणि खोटं बोलले. "लॉट खराब होता साहेब." साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि चावी घेऊन गेले.

दुकान बंद करताना आप्पा म्हणाले, "सुमे, डब्याची चिंधी कुणी सोडली?"

मी तिथंच रडायला लागले.

*

आठवड्यानं देशमाने साहेब पुन्हा आले. हातात पाण्याच्या दोन बाटल्या, दोन्हींत ऑईल. चार पिकअपवाले बाहेर चहा पीत होते.

"काका, दोन दुकानांतून सीलबंद ऑईल आणून यांत ओतलंय, एकीत फोर, एकीत फाइव्ह. वासावरून कळतं म्हणाला होतात ना? ओळखा. तरच गाडी तुमच्याकडे. नाहीतर आजपासून मी दुसरीकडे नेतो, आणि का नेतो ते सोसायटीत सगळ्यांना सांगतो."

पिकअपवाल्यांनी कप खाली ठेवले. आप्पांनी पहिली बाटली नाकाला लावली. मग दुसरी. पुन्हा पहिली. इथं चिंधी नव्हती, आणि कुठली कशाची ते मलाही ठाऊक नव्हतं.

आप्पांनी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या.

"साहेब, मला वास येत न्हाई. दोन वर्सं झाली. लॉट खराब नव्हता. तुमच्या गाडीत एक्सलचं ऑईल म्याच वतलं. तुमच्या आईला म्हणावं, माफ करा."

चाळीस वर्षांचं नाव माझ्या बापानं स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवलं होतं. मला त्यांचा इतका राग आला, आणि इतका अभिमान वाटला, की काय करावं सुचेना.

"सुमे, हितं ये. तू सांग."

मी हुंगलं. दिवसभर ऑईलमध्ये काढल्यावर काय कळणार? दोन्ही सारख्याच! मी बाटल्या तशाच ठेवून रस्त्यावर गेले. समोरच्या शेतातली हवा छातीभर घेतली आणि परत आले.

"डावी गिअरबॉक्सची. उजवी एक्सलची."

साहेबांनी बाटल्या उलट्या करून बुडाशी लिहून ठेवलेलं वाचलं. मान डोलावली. मग खिशातून चावी काढून सवयीनं आप्पांपुढे धरली. "त्या दिवशीचं थोडं आत राहिलं असेल, पुन्हा बदलून टाका."

आप्पांनी हात मागं घेतला. "माझ्याकडं नगं. हिच्याकडं."

चावी घेऊन मी गाडी आत लावली, पाना घेतला आणि गाडीखाली शिरले. डोळे पाण्यानं भरलेले, बोल्ट धड दिसेना. वरून आप्पांचा आवाज आला.

"आधी?"

मी बाहीनं डोळे पुसत होते. आप्पांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं.

"सुमे, आधी?"

आणि बाहेरचे चारही पिकअपवाले एका सुरात ओरडले, "भरायचा!"