राजदूतांच्या परिचयातली एक ओळ

साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास आला की मला बावडा गावातला तो मांडव आठवतो. नव्वदच्या दशकातला एक गाळप हंगाम होता. मध्य आफ्रिकेतल्या एका देशाचे राजदूत ऊसशेती पाहायला इंदापूर तालुक्यात आले होते, आणि बारामतीच्या महाविद्यालयात फ्रेंच शिकवते म्हणून मला दुभाषी नेमले होते. तोवर माझी फ्रेंच फळ्यावरच नांदली होती.

सत्काराआधी पाहुण्यांचा परिचय वाचायचा असतो. तो मी त्यांच्याशी बोलून लिहिला: खेड्यात शाळामास्तर, मग तीन देशांतल्या वकिलाती, मग मंत्रिपद, निवडणुकीत पराभव, पुन्हा तीच शाळा आणि आता दिल्ली. सत्काराचे यजमान, गावचे पुढारी तात्या, यांनी पराभवाच्या ओळीवर बोट ठेवले.

"बाई, एवढं काढा. सत्काराला कुणी पडलेलं सांगतं व्हय?"

तात्या स्वतः नुकतेच निवडणूक हरले होते. त्यांच्यासमोर तो विषय कुणी काढत नसे. मी ओळ खोडली.

पाहुण्यांना फेटा बांधून झाला. नव्या कापडाच्या खळीचा वास दरवळत असताना पाहुणे बोलायला उठले. खोल विहिरीत घागर बुडावी तसा त्यांचा आवाज. ते म्हणाले, "मी हरलो, आणि ज्यांनी मला हरवले त्यांच्याच मुलांना दोन वर्षे गणित शिकवले. माझ्या कारकिर्दीतली गोड वर्षे तीच."

मांडवात फ्रेंच समजणारी मी एकटी. ती वाक्ये गिळली असती तर कुणालाही कळले नसते. तात्या माझ्याकडे रोखून पाहत होते. पण त्या घटकेपुरते एका माणसाचे आयुष्य माझ्या जिभेवर होते. मी ते शब्दन् शब्द मराठीत सांगितले.

मग मागून प्रश्न आला, "पाव्हणं किती मतांनी पडलं?"

मी विचारले. राजदूत हसले, उत्तर आले, "अकरा."

"म्हंजी आमच्या तात्यांपरास बरं की. तात्या चाळीसनं गेलं."

हशा पिकला. तात्यांनी क्षणभर आपला फेटा सावरला, आणि मग त्यांचेही खांदे हसण्याने हलू लागले. सगळा मांडव तात्यांकडेच पाहत होता; पाहुण्यांना हे भाषांतर करून सांगावे लागले नाही. त्यांनी तात्यांचा हात हातात घेतला.

निघताना तात्या जीपपाशी आले. खोडलेली गोष्ट अखेर मांडवात सांगितल्याबद्दल मी काही बोलणार, तोच त्यांनी सोललेल्या उसाची दोन कांडी माझ्या हाती ठेवली आणि म्हणाले, "बेस झालं, बाई."