सवतीचं बारसं

हे गेल्याची बातमी मला सगळ्यांत शेवटी कळली. हॉलवर चक्कर येऊन पडले, पोरांनी धंतोलीच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी हात टेकले... आणि मग कुणाला तरी आठवलं की सरांना बायको आहे! दीड महिना झाला, तरी आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. शेवटचं पाणीसुद्धा तिच्याकडेच प्यायले. ती म्हणजे हुडकेश्वरकडचा आमचा इनडोअर हॉल. माझी सवत.

मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं नुसतं मैदान होतं. संध्याकाळी कबड्डी चालायची आणि तिथली सगळी धूळ यांच्या बनियनवर बसून माझ्या मोरीत यायची. मग टिनाचं शेड आलं, व्हॉलीबॉल आला. हे शाळेत पीटीचे मास्तर. शाळा सुटली की थेट तिकडे. पुढाऱ्यांच्या दारी खेटे घालून शेवटी यांनी पक्का हॉल उभा करवला, लाकडी फरशीचा. बॅडमिंटन, कबड्डी, कराटे, रक्तदान, शाळांची गॅदरिंगं... सगळ्यांची सोय तिथं व्हायची. माझी सोडून.

एका पावसाळ्यात छत गळायला लागलं. हे धावत घरी आले, दिवाण उघडला आणि माझ्या आईनं शिवलेल्या दोन्ही गोधड्या काखेत मारल्या.

"काहून जी? कुठं घेऊन चालले?"

"लाकूड फुगून राहिलं ना वं! पाणी टिपाले जाड काही पाहिजे."

आईच्या लुगड्यांच्या गोधड्या होत्या त्या! वाळल्या, पण कुबट वास काही गेला नाही. आमच्या पिंकीच्या लग्नाला मी म्हटलं, हॉलच घेऊ. तर म्हणे, "लोकं खुर्च्या ओढतीन, चरे पडतीन." फरशीला चरे नकोत म्हणून पोरीचं लग्न मे महिन्यात, मांडवात! कूलरसमोरच्या खुर्च्यांसाठी पाहुणे भांडत होते. आणि विदाईच्या वेळी नवरीचा बाप कुठं? कुणीतरी किल्ली मागितली म्हणून हॉलवर.

कामावर मी जळत नव्हते हो. एकदा डबा घेऊन गेले, तर हे एकटेच फरशीवर पोछा मारत होते आणि गाणं म्हणत होते. चांगलं मोकळ्या गळ्यानं! घरी भाजी कशी झाली विचारलं तर नुसतं "हं". यांना गाता येतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. डबा दारातच ठेवला आणि परत आले. त्या रात्री बोलले नाही, आणि यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मागच्या रविवारी हॉलच्या कमिटीची माणसं आली. पुढे रमेश, यांचाच जुना विद्यार्थी.

"काकू, हॉलले सरांचं नाव देऊन राहिलो. मधुकर क्रीडा भवन. पाटी तुमच्याच हातानं लावू. फक्त हो म्हणा."

मी आता रडेन, असं त्यांना वाटलं असावं.

"नाही," मी म्हटलं.

"काहून जी, काकू?"

"पुरा माणूस तिनंच नेला रे. नाव तरी मले राहू दे. तिले दुसरं कोणतंही द्या."

रमेश चहा न पिताच उठला. लोक नावं ठेवतात म्हणे. ठेवू देत. लग्नात माझ्या नावामागचं बापाचं नाव गेलं आणि यांचं आलं. यांचं तेवढंच मला अख्खं मिळालं, कुणाशी वाटून न घेता. बँकेतली मुलगी "लता मधुकर" असं पुकारते. मला पहिल्या हाकेलाच ऐकू येतं. तरी मी बसून राहते... ती पुन्हा पुकारेपर्यंत.