आंबिलीचा वास

माझी बायको यशोदा गेली त्याला दीड महिना झाला. शेवटच्या सकाळी दवाखान्यात नर्सबाईनं वाफाऱ्याचं भांडं खाटेजवळ आणून ठेवलं, आणि झाकण काढायला मी हात पुढे केला. जिला कूस बदलता येत नव्हती तिनं माझं मनगट धरून मागं ओढलं. "आदी तोंड फिरवा," म्हणाली. मग मी खाली चहाला गेलो, वर आलो तर... पुढचं काय सांगायचं. माझी शाळा चार यत्ता, लिहायची सवय नाही. पण तिनं माझा हात का ओढला, ते आता लिहिल्याशिवाय मला झोप यायची नाही.

साठ सालाच्या मागंपुढं मी शहापूरच्या एका शेटची जुनी मोटार भाड्यानं चालवायचो. मोटार आमच्याच अंगणात उभी असायची, तिचं दुखलंखुपलं आम्ही दोघं घरीच बघायचो. इंजिन गार ठेवणारं पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये असतं. महिन्याला मी खालचा नळ सोडून ते काढायचो, चहासारखं तांबडं यायचं. यशोदा म्हणाली, "आतून तांब्यापितळंचाच ना तो? मग हंड्यासारखा चिंचेनं धुवा." तेव्हापासून ती चिंचेचं पाणी फडक्यातून गाळून द्यायची. मी ते भरून थोडा वेळ इंजिन चालवायचो, मग नदीच्या पाण्यानं दोनतीनदा धुवायचो. बाकीचे ड्रायव्हर हसायचे, "काय रे, मोटारीला सार पाजतोस?" हसू देत. त्यांच्या गाड्या चढणीला उकळायच्या, माझी नाही.

एका खेपेला धुऊन झाल्यावर खाली थेंब थेंब गळायला लागलं. "मुरबाडच्या बाजारात कथलाचा डाग देऊन आणा," ती म्हणाली. दिवस मोडेल म्हणून मी टाळलं. जुने ड्रायव्हर बारीक गळतीला चिमूटभर हळद टाकायचे, ती भोकात जाऊन बसते. मला अक्कल सुचली की हळदीपेक्षा नाचणी चिकट. यशोदा पाण्याला गेली असताना डब्यातलं दोन मुठी पीठ मी आत टाकलं. गळती थांबली. वर मस्करीत म्हणालो, "बघ गो, तुझ्या चिंचेनंच भोक बुजवलं!" तिला ते खरं वाटलं. दिवसभर खूश होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मंदाला, आमच्या दीड वर्षाच्या लेकीला, तापात आकडी आली. शहापूरचा डॉक्टर गावाला गेलेला, म्हणून मुरबाडच्या रस्त्याला लागलो. पोर यशोदाच्या मांडीवर, डोळे पांढरे केलेले. चढण लागली आणि पुढून वास आला. शिजलेल्या नाचणीच्या आंबिलीचा. मी गाडी तशीच पुढं रेटली.

"अवो, आंबिलीचा वास कुठून येतोय?"

"शेतावर कोण रांधत असंल," मी म्हणालो.

पुढच्याच वळणावर वाफेनं काच झाकली.

आजूबाजूला माणूस नाही. पोरीच्या तोंडाला फेस. उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडू नये हे मी दहा जणांना शिकवलेलं, आणि त्या दिवशी भीतीनं मीच त्यावर झडप घातली. झाकण अर्धं फिरलं असेल... "मागं सरा!" पोरीला सीटवर ठेवून ती धावली, मला खांद्यानं ढकललं. माझ्या तोंडावर यायचं ते उकळतं पाणी तिच्या हातावर आलं, मनगटापासून कोपरापर्यंत. हाताला चिकटलेला तांबूस लगदा बघून म्हणाली, "माझ्या चिंचेनं मळ सुटून आत अडकला वो. पोर माझ्यापायी जाईल." मी बादली घेऊन ओढ्यावर पाण्याला पळालो.

तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर ते तडकतं, म्हणून थांबावं लागलं. तसा अर्धा तास वैऱ्यावर येऊ नये. मी पोरीच्या छातीवर कान ठेवायचो, मग बॉनेटवर हात, परत छातीवर कान. दोन्ही तापलेलं. यशोदा भाजल्या हातानंच पोरीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. मग खालची नळी सोडून लगदा पाडला, ओढ्याचं पाणी गाळून भरलं आणि थांबत थांबत मुरबाड गाठलं. पोर वाचली. इतका उशीर का केलात म्हणून डॉक्टर ओरडला, तेव्हा यशोदा म्हणाली, "माझी चूक झाली." तो तिला नाही नाही ते बोलला. मी भिंतीकडं बघत उभा.

पुढच्या बाजाराला मी डाग देऊन आणला. पण तिनं मोटारीला परत कधी चिंच लावू दिली नाही. मंदा मोठी झाली तशी चेष्टा करायची, "आये, तुझ्या चिंचेनं मला मारलीच असतीस गो!" यशोदा हसायची आणि पदरानं हात झाकायची. दर वेळी वाटायचं, आज सांगून टाकू. दर वेळी भीती वाटायची, ती माझ्याकडं कशी बघेल याची.

त्या दिवसापासून भाताच्या टोपावरचं झाकणसुद्धा ती हात लांब करून, तोंड फिरवून काढायची. आता भात मी शिजवतो. झाकण उचलताना माझंही तोंड आपोआप फिरतं.

मंदा, हे ज्या पेपरला धाडतोय तो तुझ्याकडं येतो. पीठ मी टाकलं होतं. तुझ्या आयेची चिंच चांगली होती. नाचणीचा डबा अजून फळीवर तिनं ठेवला तिथंच आहे. त्या दिवसानंतर मी आंबील कधी तोंडाला लावली नाही, आणि एवढ्या वर्षांत तिनं मला एकदाही विचारलं नाही, का ते.