बोळातली रांगोळी

आमच्या समोर पार्सल पोचवणाऱ्या गाड्यांचा ठेकेदार आहे. ड्रायव्हर ठेवताना तो लायसन्स बघतो आणि आमच्या बोळातून टेम्पो उलटा घ्यायला लावतो. त्यात दारातली माझी रांगोळी दर वेळी पुसली जाते, पण बोलायचा धीर होत नाही.

काल ड्रायव्हरच्या कामासाठी एक बाई आली. अनुभव कमी म्हणून तिला एकदा परत पाठवलं होतं. टेम्पो मागे घेताना ती थांबली, उतरली, रांगोळी बघून तिने चाक अलगद बाजूने काढलं.

"ताई, भिंत सोडून रांगोळी कसली बघता?" ठेकेदाराने विचारलं.

"दादा, दार कुणाचं तरी आहे ना!"

ठेकेदार हसला. "या उद्यापासून."

दुसऱ्याचं दार जपणारी त्याचं सामानही जपेल, असं मला वाटलं. त्यालाही वाटलं असावं. आज सकाळी त्याने हाक मारली, "वहिनी, रांगोळी जरा मोठी काढा, दोन नवीन ड्रायव्हर परीक्षेला यायचेत."

मी मोर काढला, पिसाऱ्यासकट.