मोठ्या सिस्टरांच्या नावावरची सुई

नोटीस हातात पडली तेव्हा मोठ्या सिस्टर सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांची उशी सरळ करत होत्या. याच आजोबांना तीन दिवसांपूर्वी इन्सुलिनची सुई दोनदा टोचली गेली होती. घामाने चिंब होऊन ते बेशुद्ध पडले आणि शिरेतून साखर दिल्यावर शुद्धीवर आले. दुसरी सुई मोठ्या सिस्टरांनी दिल्याची संगणकात नोंद आहे, तेव्हा निलंबित का करू नये याचा खुलासा उद्या अकरा वाजता समक्ष करावा, असा नोटिशीतला मजकूर होता. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि एकतीस वर्षांत त्यांना साधी ताकीदही मिळाली नव्हती.

खरं तर त्या वेळी त्या तळमजल्यावर धोब्याकडून चादरी मोजून घेत होत्या.

नोटिशीखाली सही संगणकप्रमुखांची होती. दीड वर्षापूर्वी आलेल्या या गृहस्थांच्या पाचव्या मजल्यावरच्या खोलीत संगणकाचा भिंतभर पडदा होता. सगळं आलबेल असलं की त्यावर वॉर्डाच्या नावापुढे हिरवा दिवा लागायचा, म्हणून परिचारिकांनी त्यांचंच नाव हिरवा दिवा ठेवलं होतं. दर महिन्याला ते सभागृहात नेतृत्वावर भाषण देत आणि हजेरी सक्तीची असे. वॉर्डात मात्र ते दोनदाच आले होते. एकदा उद्घाटनाच्या फोटोला, आणि एकदा रस्ता चुकून.

दोन मिनिटं हात लागला नाही की औषधांच्या गाडीवरचा संगणक आपोआप बंद व्हायचा, हा त्यांचाच निर्णय. मग बारा अक्षरांचा पासवर्ड पुन्हा टाकायचा, तोही हातमोजे काढून. बत्तीस रोगी आणि तीन परिचारिका. आठवड्याभरात वॉर्डाने आपली वाट शोधली. सकाळी सातला मोठ्या सिस्टर आपल्या पासवर्डने संगणक उघडत, आणि जाता-येता जी ती माऊसला धक्का देऊन तो जागा ठेवी. दिवसभर सगळी औषधं मोठ्या सिस्टरांच्या नावावर चढत.

त्या दिवशी एकीने आजोबांना सुई दिली, पण नोंद पक्की व्हायच्या आत संगणक बंद पडला. मोठ्या सिस्टरांनी सगळ्यांना सांगून ठेवलेल्या पासवर्डने तो पुन्हा उघडल्यावर दुसरीला वाटलं, सुई राहिलीच आहे. तिने दिली.

"त्या मुलीचं नाव सांग आणि मोकळी हो," घरी नवरा म्हणाला.

"पासवर्ड मी दिला होता. तिने चोरला नव्हता."

"मग भोग."

"भोगेन. पण एकटी नाही."

दुसऱ्या दिवशी अधीक्षक बाईंच्या खोलीत हिरवा दिवा लॅपटॉप उघडून तयारच बसला होता.

"नोंद खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "माणसाने जबाबदारी घ्यायला शिकावं."

"घेते की. साहेब, आत्ता मी कुठे आहे?"

"हा काय प्रश्न झाला?"

"तुमच्यासमोर बसलेय ना? मग बघा, तुमचं यंत्र काय म्हणतंय ते."

अधीक्षक बाई लॅपटॉपच्या पडद्याकडे वाकल्या. अकरा वाजून चार मिनिटांनी खाट तीन, सहा मिनिटांनी खाट चार, नऊ मिनिटांनी खाट बारा. औषध देणाऱ्या, मोठ्या सिस्टर.

हिरवा दिवा उसळला. "बाई, ही तर कबुलीच झाली! नोटिशीनंतरही हेच चालू आहे!"

"चालू आहे, कारण दोन मिनिटंही चालूच आहेत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "लिहून घ्या कबुली. आणि त्याखाली माझी तीन पत्रंही लिहा. वेळ वाढवा म्हणून तुम्हाला तीनदा लिहिलं होतं."

"ती विचाराधीन आहेत."

"कोणाच्या विचारात?" अधीक्षक बाईंनी विचारलं. मग त्या हिरव्या दिव्याकडे वळल्या. "उद्या सातला तुम्ही वॉर्डात जा. औषध परिचारिका देतील, नोंद तुम्ही करायची. तुमच्याच पासवर्डने."

"माझ्या बैठका आहेत."

"त्या विचाराधीन ठेवा."

तो आला, कोट घालून आला. नऊपर्यंत त्याने चाळीसेक वेळा पासवर्ड टाकला आणि सहा वेळा चुकवला. दहाव्या खाटेवरची बाई ओरडली, "अहो, मी इथे कळवळतेय आणि हे काय टंकलेखनाची परीक्षा देताहेत?" पाण्याचा पेला तिच्या हातात देईपर्यंत पडदा काळा झाला. उघडला तर तिच्या गोळीची चौकट रिकामी.

"दिली ना हो गोळी आपण?" त्याने हळूच विचारलं.

"तुमची नोंद काय म्हणते?"

तो चौकटीकडे बघत राहिला. "सिस्टर, तुमचा पासवर्ड टाका तोवर. कामं तुंबलीत."

तिन्ही परिचारिका थबकल्या.

"नाही टाकणार," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आणि हे मी अधीक्षक बाईंना सांगणार आहे. शब्दही न बदलता."

त्यांनी सांगितलंच. ज्या माणसाला वॉर्डातले दोन तास पेलले नाहीत, त्याने एकतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला जबाबदारी शिकवायला नोटीस काढली होती. अशा माणसाच्या हाती रुग्णालयाचे संगणक देणाऱ्यांनाही कोणीतरी जाब विचारायला हवा होता. तो कोणी विचारला नाही.

संध्याकाळी अधीक्षक बाईंनी नोटीस फाडली आणि दोन ताकीदपत्रं पुढे सरकवली. पासवर्ड दिल्याबद्दल एक. तीन पत्रं दाबून ठेवल्याबद्दल दुसरं.

मोठ्या सिस्टरांनी आपलं पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि सही केली.

"माझ्या पदाला हे शोभत नाही," हिरवा दिवा म्हणाला.

"मलाही शोभत नव्हतं." त्यांनी पेन त्याच्यापुढे ठेवलं. "सही करा लवकर. औषधांची वेळ झालीय."