रेणूकाकूंचा कायमचा पत्ता

नेपरव्हिलमध्ये एका वाइन शॉपच्या मागच्या खोलीत मी शनिवार-रविवार पिस्तूल बाळगण्याच्या लायसन्सचा वर्ग घेतो. आठवडाभर सॉफ्टवेअर, सुट्टीला हे. माझ्या बायकोला हा उद्योग अजिबात आवडत नाही आणि साताऱ्याच्या आईला तो अजून सांगितलेला नाही. वर्गाला मोटेलवाले येतात, गॅस स्टेशनवाले येतात, सराफ येतात. इलिनॉयमध्ये पर्समध्ये किंवा कपड्यांखाली पिस्तूल घेऊन फिरायचं तर आधी बंदुकीचं कार्ड लागतं, मग दोन दिवसांचा वर्ग, मग लायसन्स, आणि दर पाच वर्षांनी ते नवं करायचं. बहुतेकांना हे सगळं उगाचच वाटतं. सर्टिफिकेट द्या आणि आम्हाला सोडा, असा चेहरा करून ते मागच्या बाकांवर बसतात.

रेणू चांदूरकर पहिल्या वर्गाला आल्या तेव्हा पुढे बसल्या होत्या आणि सगळ्यांसाठी चिवडा घेऊन आल्या होत्या. नागपूरच्या इतवारीतल्या सराफाची ही मुलगी. लग्न होऊन इकडे आल्या, आणि नवरा श्रीरंगकाका यांच्याबरोबर दागिन्यांचं छोटं दुकान चालवू लागल्या. एका दुपारी दोघं जण हातोडे घेऊन आत शिरले, काचा फोडल्या आणि श्रीरंगकाकांच्या डोक्यातही एक घातला. काका वाचले, पण पुन्हा काउंटरमागे उभे राहिले नाहीत. दुकान बंद झालं. काकूंनी मात्र धंदा सोडला नाही. ठुशी, तोडे, पाटल्या डब्यात घालून त्या लग्नघरी जाऊ लागल्या. फोटो बघून ठुशी कोण घेतं, ती गळ्यात घालूनच बघावी लागते, असं त्यांचं म्हणणं. एकटी बाई सोनं घेऊन फिरते म्हणून विमा कंपनी कुरकुरत होती. काकूंनी पिस्तुलाचं लायसन्स काढलं आणि मगच कंपनीने विमा उतरवला. लायसन्स नाही तर विमा नाही, आणि विमा नाही तर काम नाही. पुढे काही वर्षांनी काका वारले, आणि तेव्हापासून तर ते कामच त्यांना धरून होतं.

नेमबाजीच्या रेंजवर त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही.

मागच्या ऑक्टोबरात त्या नूतनीकरणाच्या वर्गाला आल्या. मधल्या काळात त्यांची मुलगी अनिका हिला मुलगा झाला होता, म्हणून काकू प्लेनोला, डॅलसजवळ, गेल्या होत्या. बाळंतपणापुरत्या गेल्या आणि मग राहतच गेल्या. डे-केअरमधून वेद दर आठवड्याला नवा ताप घेऊन यायचा, अनिका आणि तिचा नवरा अमन दोघंही ऑफिसात. लग्नाच्या दिवसांत काकू विमानाने इकडे यायच्या, बंद घर उघडायच्या, तिजोरीतून पिस्तूल आणि बँकेतून सोनं काढून चार घरं करायच्या आणि परत जायच्या. मला हे सगळं ऐकून माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की काकूंनी पर्समधून ड्रायव्हिंग लायसन्स काढलं तेव्हा ते टेक्सासचं निघालं.

"काकू, हे काय?"

"ते होय. वेदला सोडायला गाडी चालवावी लागते ना तिथे. अनिका म्हणाली तिथलं काढून घे. फोटो बरा आलाय की नाही?"

"आणि इलिनॉयचं?"

"ते त्यांनी काउंटरवरच ठेवून घेतलं."

मी खुर्चीत बसलो. "काकू, तुम्ही राहता कुठे?"

"इथे. म्हणजे सध्या प्लेनोला असते. कायमचा पत्ता इथलाच." आणि माझा चेहरा बघून त्या समजावू लागल्या, मलाच. "अरे, आपल्याकडे नाही का, कायमचा पत्ता वेगळा आणि सध्याचा वेगळा. तसंच."

मला राग आला होता, पण त्यांच्यावर धड रागावताही येईना. मी पुण्यात कर्वेनगरच्या खोलीत वर्षानुवर्षं काढली आणि प्रत्येक अर्जावर कायमचा पत्ता सातारा लिहिला. साताऱ्यात तेव्हा माझी एक चप्पलसुद्धा नव्हती. आपल्याकडे माणूस असतो एकीकडचा आणि राहतो दुसरीकडे, आणि सरकारलाही त्यात काही वावगं वाटत नाही. इथे तसं नाही. इथे एकच प्रश्न आहे, तू राहतोस कुठे. टेक्सासचं लायसन्स घेतलं त्या दिवशी काकू टेक्सासच्या झाल्या होत्या, आणि इलिनॉयच्या रहिवाशाचं बंदुकीचं कार्ड आणि लायसन्स त्यांच्या कामाचं उरलं नव्हतं.

"परवा त्या आश्लेषाच्या लग्नघरी पाटल्या दाखवायला गेलात तेव्हा पर्समध्ये काय होतं?" मी विचारलं.

काकूंनी पर्सकडे बघितलं.

"रस्त्यात पोलिसाने थांबवलं असतं तर? पिस्तूल आहे आणि लायसन्स नाही. तुम्हाला बेड्या घातल्या असत्या, काकू."

त्या घाबरल्या. हातातली पर्स त्यांनी हळूच टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली. मग नागपूरच्या बाईला शोभेल असा मार्ग काढायला बघितला. "संजय, घर माझ्या नावावर आहे. विजेचं बिल येतं. तू अर्जात इथलाच पत्ता घाल ना. कोण बघायला बसलंय?"

"सही तुमची असणार आहे, शपथेवर. खोटं लिहिलंत तर लायसन्स कायमचं जाईल आणि वर खटला होईल. मी नाही घालणार." माझा आवाज चढला होता. "तुमचा डॉक्टर कुठला? टॅक्स कुठून भरता? मत कुठे दिलंत? बीपीच्या गोळ्या कुठे ठेवता?"

सगळी उत्तरं प्लेनोची होती. त्यांनी ती एकेक करून खरी दिली.

"मग इथे काय आहे?"

काकूंनी जरा विचार केला. "श्रीरंगचे कोट आहेत," त्या म्हणाल्या.

मला फार वाईट वाटलं. मी चहा केला. मग शांतपणे सांगितलं, की दोन मार्ग आहेत. खरोखर परत येऊन इथे राहा, इथलं ड्रायव्हिंग लायसन्स घ्या, मग इथलंच पिस्तुलाचं. नाहीतर टेक्सासचं काढा. तिथे तुम्ही कधीच्या रहिवासी झाल्या आहात, आणि तसं तिथे लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगता येतं.

"विम्याला कागद लागतो," काकू म्हणाल्या आणि त्यांनी तिथूनच अनिकाला फोन लावला. माझ्यासमोरच, स्पीकरवर. पिस्तूल टेक्सासला आणावं लागेल, असं त्यांनी सांगितलं.

"आई, no. गन घरात येणार नाही. वेद आहे घरात. अमन आणि मी ते discuss केलंय."

"बरोबर आहे तुमचं. पण मग माझं काम?"

"सोडून दे ना ते आता. तुला काय कमी आहे? You live with us."

काकूंनी फोन जरा जवळ घेतला. "हे कधी ठरलं गं?"

"ठरलं म्हणजे... it just happened, आई."

"मला कोणी विचारलं नव्हतं," काकू म्हणाल्या. त्यात राग नव्हता. एखादी गोष्ट आत्ताच लक्षात यावी तसं त्या म्हणाल्या.

पिस्तूल आम्ही त्याच दुपारी परवाना असलेल्या बंदुकीच्या दुकानात नेऊन ठेवलं, माझ्या गाडीतून. काकू दुसऱ्या दिवशी प्लेनोला परत गेल्या. आता संपलं, असं मी धरून चाललो. अशा बायका मी पाहिल्या आहेत. त्या मुलांकडे जातात, पाहुण्यांच्या खोलीत झोपतात, कुणी आलं की नातवाच्या खोलीत गादी टाकतात, आणि एक दिवस त्यांचा फोन नंबरही मुलीच्याच फॅमिली प्लॅनमध्ये जातो. प्रेम असतं सगळं. त्या प्रेमाविरुद्ध बोलायला जागा नसते, म्हणून मला त्याची भीती वाटते.

मार्चमध्ये काकूंचा फोन आला. त्यांनी डॅलसजवळच अर्विंगमध्ये एका बेडरूमचं अपार्टमेंट भाड्याने घेतलं होतं, इंडियन ग्रोसरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. नेपरव्हिलचं घर भाड्याने दिलं होतं. श्रीरंगकाकांचे कोट देऊन टाकले, एक ठेवला. पिस्तूल दुकानामार्फत रीतसर टेक्सासच्या दुकानात पोचलं, आणि तिथल्या लायसन्सचा वर्गही झाला.

"तो सर तुझ्यापेक्षा बरं शिकवतो," काकू म्हणाल्या. "ओरडत नाही."

"अनिका काय म्हणते?"

"बोलत नव्हती. म्हणते, आईला घराबाहेर काढलं असं लोक म्हणतील. मी म्हटलं, लोकांना माझ्याकडे पाठव, मी चहा देते."

मे महिन्यात ऑफिसच्या कामाने डॅलसला गेलो तेव्हा त्यांच्याकडे गेलो. लहानसं घर, पुरेसा उजेड. कपाटात तिजोरी भिंतीला बोल्टने बसवलेली, आणि कपाटालाही कुलूप. वेद शनिवारी येतो म्हणून; त्या दिवशीही तो सोफ्यावर झोपला होता. टेक्सासचं लायसन्स आलं होतं, विमा चालू झाला होता, आणि पुढच्या लग्नाचे तोडे टेबलावर होते. काकूंनी मला ते कार्ड दाखवलं. लायसन्सला काय बघायचं असतं, तरी मी बघितलं.

"इतवारीचा पत्ता बाबांचा होता," त्या म्हणाल्या. "नेपरव्हिलचा श्रीरंगचा. प्लेनोचा अमनचा. हा माझा आहे, संजय. या वयात."

मी तोडे चांगले आहेत म्हणालो.

तेवढ्यात बेल वाजली. अनिका वेदला घ्यायला आली होती. तिच्याकडे या घराची किल्ली नव्हती. दार उघडलं तरी ती उंबऱ्याबाहेरच थांबली, आणि माझ्याकडे, सोफ्याकडे, आतल्या बंद कपाटाकडे बघत राहिली.

"आई, आत येऊ?" तिने विचारलं.

"ये ना," काकू म्हणाल्या. "बूट बाहेर काढ."